रात्रभराची रिले: पहिल्यांदाच टीम घेऊन उतरताय, तर हे आधी वाचा

पहाटेचे सव्वाचार झाले होते. आमची १२ नंबरची धावपटू उतारावरून पळत एक्स्चेंजवर, म्हणजे धावपटू बदलण्याच्या ठिकाणी आली, पुढच्याला द्यायचा मनगटावरचा पट्टा काढून तिने हात पुढे केला, तर समोर कुणीच नाही. तिने टीमचा नंबर ओरडून सांगितला. स्वयंसेवकाने भोंग्यावरून दोनदा पुकारला. घामाने चिंब शर्टात, गार वाऱ्यात ती १९ मिनिटं तशीच उभी राहिली. ज्याने पट्टा घ्यायचा तो, आणि त्याच्यासोबत मीही, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावलेल्या व्हॅनमध्ये गाढ झोपलो होतो. गजर लावला होता, पण वेळापत्रक बघून. आणि ते वेळापत्रक आठवडाभर आधी बनवलेलं. रात्रीच्या गारव्यात आमच्याच टीमच्या दुसऱ्या व्हॅनमधले धावपटू चांगले पळाले आणि अर्धा तास पुढे निघून गेले. आम्हाला कळवायला त्या भागात नेटवर्कच नव्हतं.

त्या १९ मिनिटांत शर्यत काही बुडाली नाही, पण तिचं अंग आखडलं ते शेवटच्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या टीमला एकच गोष्ट सांगतो: पळायचं कसं ते तुम्हाला येतं, न पळण्याच्या तासांचं नियोजन आधी करा. हा लेख बहुतेक त्याच तासांविषयी आहे.

१. आधी आकडे समजून घ्या

या प्रकारच्या शर्यतींचा साचा बराचसा ‘हूड टू कोस्ट’वरून आलेला आहे. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात बॉब फूट यांनी ती सुरू केली, पहिल्या वर्षी फक्त ८ टीम होत्या. नंतर २००४ मध्ये युटामधून ‘रॅग्नार’ सुरू झाली. नेहमीचा आराखडा असा: सुमारे ३२० किलोमीटर, १२ धावपटू, २ व्हॅन, ३६ टप्पे. टप्प्याला सगळे ‘लेग’च म्हणतात. प्रत्येकाच्या वाट्याला ३ लेग. एक नंबरचा धावपटू १, १३ आणि २५ पळतो, दोन नंबरचा २, १४ आणि २६, असं पुढे. पहिले सहा जण पहिल्या व्हॅनमध्ये, उरलेले दुसरीत.

आता हिशेब करू. सरासरी ६ मिनिटांना एक किलोमीटर धरला, तर ३२० किलोमीटरला ३२ तास लागतात. त्यातला तुमचा वाटा साधारण २७ किलोमीटर, म्हणजे पावणेतीन तासांपेक्षाही थोडा कमी. उरलेले २९ तास तुम्ही व्हॅनमध्ये, रांगेत, एखाद्या मैदानात किंवा स्टिअरिंगमागे असता. नवीन टीम त्या पावणेतीन तासांसाठी चार महिने घाम गाळते आणि २९ तासांचा विचार आदल्या रात्री करते.

सकाळी ७ वाजता सुरुवात झाली असं समजा. सहा लेगला सुमारे ५ तास २० मिनिटं लागतात. म्हणजे पहिली व्हॅन ७ ते १२.२०, दुसरी १२.२० ते ५.४०, मग परत पहिली रात्री ११ पर्यंत, दुसरी पहाटे ४.२० पर्यंत, पहिली सकाळी ९.४० पर्यंत आणि दुसरी दुपारी ३ ला शेवट करते. ऐन रात्र दुसऱ्या व्हॅनच्या वाट्याला येते, संध्याकाळ आणि पहाट पहिलीच्या. हे टीमला आधीच दाखवा. रात्री झोप मिळाली नाही की ज्याचं डोकं दुखायला लागतं, त्याला दुसऱ्या व्हॅनमध्ये घालू नका.

२. टीम जमवताना

वेगापेक्षा स्वभाव बघा. ओल्या बुटांच्या वासात, अपुऱ्या झोपेत, पाय दुमडून दीड दिवस एकत्र बसायचं आहे. किलोमीटर पाच मिनिटांत मारणारा पण सतत कुरकुर करणारा माणूस पूर्ण व्हॅनचा दम काढतो. सात मिनिटांचा पण वेळेवर उठणारा, न सांगता पाण्याची बाटली भरून ठेवणारा माणूस मला हवा असतो.

१२ जण ठरले की आणखी दोन नावं राखीव ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत कुणाचा ना कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या घरी काही निघतं. बदली नावं देण्याची शेवटची तारीख कोणती, हे नोंदणीच्या दिवशीच कॅलेंडरमध्ये टाका.

प्रत्येक व्हॅनला एक कॅप्टन हवा. आणि जमलं तर प्रत्येक व्हॅनला एक न पळणारा ड्रायव्हर. याला पर्याय नाही असं मी म्हणत नाही, पण ज्या वर्षी आमच्याकडे असा माणूस होता त्या वर्षी शर्यत निम्म्याने सोपी गेली. काही शर्यतींत टीममागे ठरावीक स्वयंसेवकही द्यावे लागतात. ते शेवटच्या क्षणी मिळत नाहीत.

३. वेग खरा सांगा

नोंदणीत प्रत्येकाची १० किलोमीटरची वेळ विचारतात. त्यावरून आयोजक टीमची सुरुवातीची वेळ ठरवतात: हळू टीम आधी सुटतात, वेगवान नंतर, म्हणजे सगळ्या थोड्याफार एकाच सुमारास पोहोचतात. खऱ्यापेक्षा वेगवान वेळ दिलीत तर उशिरा सुटाल आणि पुढचे एक्स्चेंज बंद व्हायच्या घाईत दीड दिवस काढाल. मुद्दाम हळू वेळ दिलीत तर तुम्ही एक्स्चेंज उघडण्याआधीच पोहोचाल आणि तुम्हाला थांबवून ठेवतील. तीन वर्षांपूर्वीची सर्वोत्तम वेळ देऊ नका, गेल्या महिन्यातली द्या.

४. लेग कुणाला कोणता

इथे घाई नको. आयोजकांचा नकाशा आणि चढउताराचा आलेख घेऊन सगळ्यांनी एकदा बसा. एकूण अंतर बघून वाटणी करणं ही सर्रास होणारी चूक. तीन गोष्टी बघायच्या: अंतर, चढउतार आणि तो लेग कोणत्या वेळी येतो. दुपारी एकच्या उन्हातला सपाट ८ किलोमीटरचा लेग पहाटेच्या ११ किलोमीटरपेक्षा जड जाऊ शकतो.

चढाला सगळे घाबरतात, पण घाबरायचं असेल तर मोठ्या उताराला घाबरा. उतरताना मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, त्यात त्यांना बारीक इजा होते. धावताना काही वाटत नाही. आठ-दहा तासांनी व्हॅनमधून उतरायला जाता आणि मांडी पाय उचलू देत नाही. आणि अजून दोन लेग बाकी असतात! म्हणून पहिल्याच फेरीतला तीव्र उतार ज्याने उताराचा सराव केलाय त्यालाच द्या.

नवख्या धावपटूला असा नंबर द्या, ज्याचा रात्रीचा लेग छोटा आणि वळणं कमी असलेला आहे. एकट्याने अंधारात पळण्याची भीती खरी असते, तिला हसू नये. सोबतीला दुसरा धावपटू चालतो का, हे नियमपुस्तिकेत पाहा. काही ठिकाणी फक्त रात्री चालतो.

५. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं एका जलरोधक पाकिटात, दोन्ही व्हॅनमध्ये एकेक संच:

- नोंदणीची पावती आणि प्रत्येकाचं ओळखपत्र
- प्रत्येकाने सही केलेलं जबाबदारीचं पत्र
- गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचा परवाना, गाडीची आणि विम्याची कागदपत्रं
- सगळ्यांचा रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी आणि घरच्यांचा फोन नंबर, छापील
- नियमपुस्तिका, सगळ्या ३६ लेगचे नकाशे आणि एक्स्चेंजचे पत्ते, हेही छापील

छापील का, ते सुरुवातीला सांगितलंच. नेटवर्क जातं, बॅटरी संपते.

प्रत्येक व्हॅनमध्ये: रिफ्लेक्टिव्ह जॅकेट, हेडलॅम्प (डोक्याला बांधायचा दिवा) आणि पाठीला लावायचे लाल लुकलुकणारे दिवे. सुटण्याआधी सुरक्षा तपासणीत हे सगळं दाखवावं लागतं, कमी पडलं तर सोडत नाहीत. एका व्हॅनमध्ये दोन जॅकेट पुरतील असं वाटतं, कारण पळणारा एकच असतो. पण बऱ्याच शर्यतींत अंधार पडल्यावर व्हॅनबाहेर पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला जॅकेट घालावंच लागतं. सहा घ्या. प्रथमोपचाराची पेटी, जास्तीचे सेल, पॉवर बँक, काचेवर लिहायचा मार्कर, कचऱ्याच्या पिशव्या, टॉयलेट पेपर, दोन मोठे टॉवेल आणि झोपायला चटया.

स्वतःच्या सामानाची एक युक्ती: तीन मोठ्या झिपच्या पिशव्या घ्या आणि प्रत्येकीत एका लेगचा पूर्ण पोशाख भरा, मोज्यांसकट. पिशवीवर लेगचा नंबर लिहा. पळून आलात की ओले कपडे त्याच पिशवीत घालून झिप बंद. अंधारात, पाच जणांच्या पायांमधून एक मोजा शोधण्याची वेळ येत नाही आणि व्हॅनमध्ये श्वास घेता येतो. बिब, म्हणजे नंबरचा कागद, शर्टाला टाचू नका, कमरेच्या पट्ट्याला लावा, म्हणजे कपडे बदलले तरी नंबर सोबत राहतो.

६. सराव

२७ किलोमीटर आहेत म्हणून अर्ध मॅरेथॉनचा सराव पुरे, असं समजू नका. पळणं, थंड होणं, आखडणं, परत पळणं, हे शरीराला वेगळं शिकवावं लागतं. शर्यतीच्या सहा ते तीन आठवडे आधी निदान दोनदा असं करा: संध्याकाळी ८ किलोमीटर, दुसऱ्या पहाटे चार वाजता उठून हेडलॅम्प लावून ६, आणि त्याच दुपारी परत ६. तिसरं पळणं रडवेलं होईल. व्हायलाच हवं, ते कसं वाटतं हे आधी कळलेलं बरं.

हेडलॅम्प लावून पळायची सवय करा. प्रकाशाचा झोत पाच-सहा पावलं पुढे पडेल असा कोन ठेवा. अगदी पायाशी ठेवला तर मान वाकते आणि खड्डा दिसेपर्यंत पाय त्यात गेलेला असतो.

७. व्हॅन आणि चालतं वेळापत्रक

पुढचा धावपटू दाराजवळच्या सीटवर, नुकताच आलेला मागे, जिथे त्याला पाय लांब करता येतील. सामान छताला भिडेल असं रचू नका, मागची काच दिसली पाहिजे.

वेळापत्रक ही आता खरी महत्त्वाची गोष्ट. स्प्रेडशीट बनवा: लेग, धावपटू, अंतर, अंदाजे वेग, निघण्याची अंदाजे वेळ, प्रत्यक्ष वेळ. रात्रीच्या लेगला मी ५ टक्के आणि तिसऱ्या लेगला १० टक्के वेळ जास्त धरतो, हा माझा ठोकताळा आहे. कागदावरही एक प्रत ठेवा आणि एका माणसाचं कामच ते की प्रत्येक हस्तांतरानंतर खरी वेळ लिहून पुढच्या सगळ्या वेळा सुधारायच्या. नेटवर्क मिळालं की लगेच दुसऱ्या व्हॅनला संदेश. फक्त ‘२१ सुटला, ११ मिनिटं पुढे’ एवढंच.

आणि नेटवर्क नसेल तर काय, हे आधीच ठरवा. आमचा नियम आता असा आहे: झोपलेल्या व्हॅनने शेवटच्या कळलेल्या वेळेच्या ४५ मिनिटं आधीचा गजर दोन फोनवर लावायचा आणि उठल्याबरोबर एकाने एक्स्चेंजच्या तोंडाशी जाऊन उभं राहायचं. त्या एकाने मागून येणाऱ्या टीमला विचारलं तरी अंदाज येतो.

दोन व्हॅन एकमेकींना भेटतात ती ठिकाणं ६, १२, १८, २४ आणि ३० ही मोठी एक्स्चेंज. तिथे गर्दी होते आणि गाडी लावायला जागा मिळत नाही. शेवटच्या दोन किलोमीटरला अर्धा तास लागू शकतो. धावपटू व्हॅनच्या आधी पोहोचतो, तो याचमुळे. अडकलात तर पुढच्या धावपटूला उतरवून चालत पाठवा. जॅकेट आणि दिवा घेऊन.

८. हस्तांतर

पट्टा मनगटाला गुंडाळलेला असतो, चापट मारली की बसतो. येणाऱ्याने शंभर मीटर आधीच टीमचा नंबर ओरडायचा, घेणाऱ्याने दहा मिनिटं आधी तयार राहायचं. घेणाऱ्याला पहिलं वळण कुठे हे माहीत असलं पाहिजे, कारण एक्स्चेंजमधून बाहेर पडतानाच सर्वांत जास्त रस्ते चुकतात. आपल्या लेगच्या वळणांचा फोटो फोनमध्ये ठेवा.

९. रात्र

रस्त्यावर समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूने पळायचं, नियमपुस्तिकेत दुसरं सांगितलं नसेल तर. हेडफोन घरी ठेवा, पुष्कळ शर्यतींत बंदीच असते. हेडलॅम्पमध्ये प्रत्येक रात्रीच्या लेगला नवे किंवा पूर्ण चार्ज केलेले सेल. ‘अजून थोडे आहेत’ म्हणून कुणाला पाठवू नका. दिवा विझला तर थांबायचं, फोनचा उजेड लावायचा आणि रस्त्याच्या कडेने चालत राहायचं. अंदाजाने पळायचं नाही.

मध्येच थांबून धावपटूला पाणी द्यायचं असेल तर तो लेग व्हॅनला खुला आहे का ते बघा. काही लेगवर गाड्यांना थांबायला मनाई असते, तिथे धावपटूने स्वतःचं पाणी सोबत न्यावं. वस्तीतून जाताना हॉर्न नाही, आरडाओरडा नाही, दारं हळू लावायची. लोक झोपलेले असतात आणि त्यांच्या तक्रारींवर पुढच्या वर्षीची परवानगी अवलंबून असते.

१०. झोप आणि खाणं

५ तास २० मिनिटांची विश्रांती ऐकायला भरपूर वाटते. पहिली व्हॅन रात्री ११ ला मोकळी झाली. कपडे बदलणं, अंग सैल करणं वीस मिनिटं. पुढच्या मोठ्या एक्स्चेंजला पोहोचून गाडी लावणं सव्वा तास. वाजले १२.३५. पहाटे ४.२० ला सुटायचं म्हणजे ३.३५ ला उठायचं. उरले तीन तास, त्यात डोळा लागायला वेळ. म्हणून थांबल्यावर गप्पा नाहीत, खाणं रस्त्यातच उरकायचं आणि आडवं व्हायचं. झोप नाही आली तरी डोळे मिटून पडा, त्यानेही पाय हलके होतात.

पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वांत मंद काळ. तापमान खाली असतं, हातपाय जड, मन खट्टू. झोपेतून उठल्यावर पहिली पंधरा ते तीस मिनिटं माणूस पुरता जागा नसतो. त्या वेळी धावपटूला एकटं सोडू नका. सोबत चाला, बुटांच्या नाड्या बघा, दिवा लागला का ते बघा.

कॉफी घड्याळ बघून. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं पाच तासांनंतरही रक्तात असतं, म्हणजे रात्री ११ ला घेतलेली कॉफी तुमची १२.३५ ची झोप खाते. उठल्यावर घ्या.

लेग संपल्यावर पाऊण तासात थोडं खा: केळी, भात, उकडलेला बटाटा, जे तुमच्या पोटाला सरावात मानवलंय तेच. पोटभर जेवण फक्त मोठ्या विश्रांतीच्या सुरुवातीला. पाण्यासोबत मीठ जाऊ द्या. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं, तेही धोक्याचंच.

११. गाडी कोण चालवणार

या शर्यतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अंधारात पळणाऱ्याची नाही, पेंगत गाडी चालवणाऱ्याची. सतरा तास जागं राहिल्यावर माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. सकाळी पाचला उठलेला तुमचा मित्र रात्री दहाला त्या अवस्थेला पोहोचलेला असतो.

नियम तीन, आणि त्यावर चर्चा नाही. पळून आल्यावर निदान एक तास कुणी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ड्रायव्हरच्या शेजारी नेहमी एक जण जागा असेल. आणि ड्रायव्हर ‘झोप येतेय’ म्हणाला की गाडी तिथेच सुरक्षित जागी थांबेल, पुढचा धावपटू उशिरा सुटला तरी चालेल.

१२. कुणी पडलं तर

पाय मुरगळला, उलट्या झाल्या, तर उरलेल्यांनी लेग कसे उचलायचे याचे प्रत्येक शर्यतीचे नियम वेगळे असतात. कुठे त्याच व्हॅनमधले क्रमाने पुढे सरकतात, कुठे कुणीही पळू शकतो. हे पान आधी वाचून खूण करून ठेवा. धावपटू गोंधळल्यासारखा बोलत असेल, छातीत दुखत असेल, घाम यायचा थांबून अंग तापलं असेल, तर लेग तिथेच संपला आणि आयोजकांच्या वैद्यकीय मदतीला फोन. हा निर्णय कॅप्टनचा, धावपटूचा नव्हे. त्या अवस्थेत प्रत्येक जण ‘मी बरा आहे’ असंच म्हणतो.

१३. शेवटचा लेग आणि नंतर

तिसरा लेग सगळ्यांचाच दुखतो. पहिले दोन किलोमीटर लंगडत जातात, मग पाय उघडतात. पहिल्या किलोमीटरवरून घाबरू नका, मुद्दाम हळू निघा. बाकीच्या टीमने शेवटच्या वळणावर उभं राहून ३६ व्या लेगच्या धावपटूसोबत रेषा ओलांडायची असते. पहिली व्हॅन पाच तास आधी मोकळी झालेली असते आणि ती कुठेतरी झोपून राहते, ही हळहळ मी दोन टीममध्ये पाहिली आहे. तिथे किती वाजता जमायचं ते आदल्या दिवशीच ठरवा.

त्याच दिवशी लांबवर गाडी चालवत घरी निघू नका, जवळच रात्रीचा मुक्काम आधी आरक्षित करा. खऱ्या वेळा भरलेली स्प्रेडशीट सगळ्यांना पाठवून ठेवा, पुढच्या वेळी तीच तुमचा सर्वांत भरवशाचा अंदाज असेल. ओले कपडे त्याच संध्याकाळी झिपच्या पिशव्यांतून बाहेर काढा. आणि हेडलॅम्पमधले सेल काढून वेगळे ठेवा, वर्षभर आत राहिले तर तिथेच गळतात.